बहिणाबाईंवरच्या नृत्याचं चित्रीकरण: लुगडी, कुंकू आणि काळी माती

आठ_मात्रा

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही ठाण्यातल्या नऊजणी. मी कथक शिकवते, बाकीच्या शिकतात. सगळ्यात लहान चोवीस वर्षांची, सगळ्यात मोठी सत्तावन्न. दोन वर्षांपूर्वी बहिणाबाई चौधरींच्या कवितांवर वीस मिनिटांचं नृत्य बसवलं, त्याचे चार-पाच प्रयोग झाले. आता त्यातल्या तीनच जागा घेऊन सात मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. पहाटेचं जातं, कापसाचं शेत आणि नवरा गेल्यानंतरची कविता.

रंगमंचावर आम्ही भाड्याच्या शिवलेल्या नऊवारी घालायचो. हिरव्या, लाल काठ, रुंद जर. मोत्यांची नथ, चंद्रकोर, अंबाड्यावर गजरा. टाळ्या पडायच्या, त्यामुळे कधी काही खटकलं नाही. मागच्या रविवारी गच्चीवर मोबाईलवर तालीम टिपली आणि नंतर बघताना माझी मलाच लाज वाटली. मंगल कार्यालयाच्या दारात अत्तर लावायला उभ्या केलेल्या मुली दिसत होतो आम्ही. पहाटे चारला दळायला बसणारी बाई नथ कशाला घालेल?

एकूण बजेट पंचेचाळीस हजार. त्यातले अठरा कॅमेरावाल्याचे गेलेच. लुगडी विकत घ्यावीत की भाड्याने, शिवलेली की नेसायची, शूट कुठे करावं, आधी काय तयारी लागते, ज्याला जे माहीत असेल ते सांगा. आम्ही शूट म्हणून कधीच केलेलं नाही.

चहा_कमी_साखर

अत्तरवाल्या मुली 😄 गुलाबपाणी शिंपडायला एक जागा रिकामी असेल तर कळवा, माझ्याकडे गुलाबदाणी आहे.

सुईदोरा

नाटकांचे कपडे करण्यात वीस वर्षं गेली, म्हणून हक्काने लिहिते.

भाड्याचे कपडे विसरा. ते दहाव्या रांगेतून छान दिसण्यासाठी शिवलेले असतात, कॅमेरा तर बाईच्या दोन फुटांवर येऊन बसतो. साधी सुती नऊवारी लुगडी विकत घ्या. अजून मिळतात, खेड्यातल्या आज्या नेसतात म्हणून मिळतात. मोठ्या दुकानांत विचारू नका, ते तुम्हाला पैठणीच्या मजल्यावर पाठवतील. आठवडी बाजारात किंवा जुन्या पेठेतल्या कापडवाल्याकडे जा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर भरायला हवं. हल्ली 'नऊवारी' म्हणून आखूड माल खपवतात, त्यामुळे दुकानातच मोजून घ्या.

शिवलेली नको. तिचा काष्टा नऊजणींचा नऊ ठिकाणी हुबेहूब सारखा पडतो आणि पाय उचलला की पँट दिसते. नेसवा, आणि नेसवल्यावर अंगावरच टाके घाला. कमरेला दोन, काष्ट्याच्या खोचणीला एक, दोन्ही मांड्यांच्या आतून एकेक. पिना नकोत, चमकतात आणि टोचतात. आत सायकलिंगची चड्डी सगळ्यांना सक्तीची. एक नेसवणारी असेल तर बाईमागे वीस मिनिटं धरा, म्हणजे नवव्या बाईपर्यंत तीन तास. तोवर पहिलीची जेवणाची वेळ होते. तीन नेसवणाऱ्या न्या.

लुगडं कोरं दिसता कामा नये. आधी दोन-तीनदा धुऊन खळ काढा, नाहीतर ते कागदासारखं उभं राहतं. मग बिनसाखरेच्या चहाच्या पाण्यात बुडवा, पांढरा मरतो. उन्हात शुभ्र सूत कॅमेऱ्याला नुसता चट्टा दिसतं. गुडघे, मांड्या, पदराचं टोक, म्हणजे जिथे हात पुसले जातात त्या जागा विटेच्या तुकड्याने घासा. सगळीकडे सारखं घासू नका, कपडा सारखा झिजत नाही.

एकच रंग नऊजणींना देऊ नका हे वेगळं सांगायला नको. वांगी, डाळिंबी, आमसुली, शेवाळी अशी शेजारशेजारची कुटुंबं घ्या. मुख्य बाईला सगळ्यात फिकं.

वाघूर

मी जळगावचा. धागा वाचून राहवलं नाही.

पहिली गोष्ट माती. ठाण्याच्या आसपास, कर्जत-मुरबाडकडे शूट कराल तर तांबडा मुरूम दिसेल आणि आमच्याकडचं पोरगंही सांगेल की हे खान्देश नाही. आमची माती काळी. ओली असली की तळव्याला थर चढतो, वाळली की भेगाळते. रात्रीची गाडी पकडा, सकाळी इथे उतराल. कापूस दिवाळीच्या आसपास फुटलेला असतो, थंडीत वेचण्या चालू असतात. केळीच्या बागेचा मोह टाळा. दिसते सुंदर, पण दर ओळीत ठिबकच्या काळ्या नळ्या आहेत.

दुसरं, डोक्यावर पदर. शाळेच्या पुस्तकातला बहिणाबाईंचा फोटो आठवा. माझी आजी शेतातही डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही. नाचताना तो राहील का हे तुम्ही बघा. दागिना म्हणाल तर गळ्यात काळी पोत, हातात काचेच्या बांगड्या, फार तर चांदीचे गोठ. एवढंच. हातावर गोंदण दाखवणार असाल तर काळं नको, जुनं गोंदण हिरवट-निळं होतं आणि कडा फुटतात.

जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात. शूटच्या आधी सगळ्यांना घेऊन एकदा जाऊन या.

आणि कृपा करून निवेदनात 'अहिराणी कवयित्री' म्हणू नका. ती लेवा गणबोली. दर वर्षी कुणीतरी म्हणतं आणि दर वर्षी आम्ही चिडतो.

आठ_मात्रा

वाघूर, बरं झालं सांगितलंत. आमच्या निवेदनात तेच लिहिलेलं होतं. खोडलं.

काळी_दोन

आवाजाचं कुणी बोललं नाही म्हणून मी. गाणारी कोण आहे? ती 'डोळा' म्हणत असेल तर पुन्हा ध्वनिमुद्रण करा. त्या बोलीत ळ चा य होतो, 'डोया'. छापील कवितेतही तसंच आहे, पण शहरी गायिका नकळत सुधारून गातात. चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये नाचणारीने ओठ हलवले तर हे फार उघडं पडतं.

हक्कांबद्दल. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पहिलं पुस्तक त्यांच्या पश्चात १९५२ ला आलं. आपल्या कायद्यात अशा मरणोत्तर पुस्तकाला प्रकाशनापासून साठ वर्षं संरक्षण असतं, म्हणजे २०१२ अखेर ते संपलं. शब्द मोकळे आहेत. पण चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. सिनेमातली सगळ्यांना पाठ असलेली चाल उचललीत तर यूट्यूबवर टाकल्याच्या पाचव्या मिनिटाला नोटीस येईल. स्वतःची चाल बांधा.

आठ_मात्रा

चाल आमचीच आहे, केहरवा तालात. 'डोळा' मात्र गायलंय. गायिकेला फोन केला, ती हसली आणि म्हणाली पुढच्या बुधवारी येते.

फोकस_गेला

लग्नं शूट करतो, कधीमधी नृत्यही. तुमचा कॅमेरावाला हे सांगेलच, पण लग्नवाले आम्ही सगळे नृत्याला कच्चे असतो, म्हणून लिहितो.

सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोन मुळात ३० वर असतो, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र फडफडतं. तालमीत फोनवर बघाल तेव्हाही हे आधी बदला.

बारीक चौकडी आणि बारीक रेघांची लुगडी घेण्याआधी ज्या कॅमेऱ्याने शूट करणार त्यानेच, जितक्या लांबून करणार तितक्याच लांबून टिपून बघा. दुकानात सुंदर दिसणारी चौकडी पडद्यावर मुंग्या आल्यासारखी वळवळते. चोळीच्या खणालाही हेच लागू. लांबून ठीक दिसला, जवळून ठीक दिसला, मधल्याच अंतरावर नाचायला लागला असं होतं.

रंगमंचावरची अंतरं शूटला चालत नाहीत. दोघींमधली चार फुटांची जागा पडद्यावर दात पडल्यासारखी दिसते. जवळ या, आणि एका ओळीत उभ्या राहू नका, एकीच्या मागे एक राहा. फोनच्या वाइड लेन्सने गट टिपला तर कडेच्या दोघी जाड दिसतात आणि मग भांडणं होतात. कॅमेरा मागे न्या, कमरेच्या उंचीवर ठेवा. कथकवाल्यांचे पाय कापलेत तर काय उरलं? पायाखाली थोडी जमीन सोडून फ्रेम लावायला सांगा.

गाणं मोठ्या स्पीकरवर वाजवायचं, सुरुवातीला चार ठोके जोडून. म्हणजे सगळ्या समेवर एकत्र येतात. कॅमेऱ्याचा आवाजही चालू ठेवायचा, तो नंतर जुळवायला लागतो. संथ गती हवी असेल तर ५० फ्रेमने टिपायचं आणि गाणं दुप्पट वेगात वाजवायचं. तुम्ही दुप्पट वेगात नाचायचं, म्हणजे अर्ध्या वेगात तालावर दिसतं. नऊवारीत दुप्पट नाचून बघा आधी घरी.

एडिसनकर

फ्रेमच्या मुद्द्याला जोड. इकडे न्यू जर्सीत वीज ६० हर्ट्झ, इकडचे कॅमेरे ३० वर लावलेले असतात. मंडळाच्या कार्यक्रमासाठी मी माझा कॅमेरा पुण्याला नेला होता, सेटिंग न बदलता. अख्ख्या लावणीत दिवे लुकलुकतायत. बायको अजून ऐकवते.

चहा_कमी_साखर

घुंगरांचं काय? शेतात घुंगरू बांधून कापूस वेचणार का बाई?

आठ_मात्रा

थट्टेत विचारलंत, पण दोन दिवस मी त्यावरच अडकले होते. कथकमध्ये घुंगरू काढले की माझा अर्धा आवाज जातो. शेवटी असं ठरलं, की पाय अनवाणी दिसतील आणि घुंगरांचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून घालायचा, तोही फक्त जात्याच्या भागात, घरघरीच्या लयीत. शेतात नाही.

आता खरी अडचण सांगते. ती जिची आहे तिला विचारूनच लिहितेय.

तिसरी कविता नवरा गेल्यानंतरची. बहिणाबाई तिशीच्या आसपास विधवा झाल्या. आमची मुख्य नर्तिका चौतीस वर्षांची. तिला कपाळ मोकळं ठेवायचंय, बांगड्या काढायच्यात, आणि पायाच्या क्लोजअपमध्ये जोडवी दिसतात म्हणून तीही. तिच्या सासूबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. 'नाटकात चालतं, ते संपतं. व्हिडिओ कायम राहतो' असं त्या म्हणाल्या. मला राग आला होता, पण त्यांचं वाक्य डोक्यातून जात नाही.

सुईदोरा

हे मी रंगभूमीवर असंख्य वेळा पाहिलंय. नट मरण्याची भूमिका हसत करतो, पण घरच्यांना कुंकवाचं जड जातं. जबरदस्ती करू नका. मंगळसूत्र चोळीच्या आत पाठीकडे टाक्याने अडकवता येतं, अंगावरच राहतं. जोडव्यांसाठी पायाला माती लावा, बोटं झाकतात, किंवा त्या शॉटला दुसरीचे पाय घ्या. क्लोजअपमध्ये कुणाला कळत नाही.

एक तांत्रिक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मोकळ्या कपाळाचं शूट आधी करा. खरं कुंकू, मेण लावून लावलेलं, पुसलं तरी तास-दीड तास कपाळाला गुलाबी डाग राहतो. जवळून दिसतो. म्हणजे क्रम उलटा: सकाळी विधवा, नंतर सवाष्ण. आणि टिकली अजिबात नको, कडेला सावली पडते.

वाघूर

त्या माउलींना शूटला घेऊन या. एवढंच म्हणतो.

फोकस_गेला

पुसण्याचा शॉटच का हवा? आपण आधी कुंकू दाखवतो, मग मोकळं कपाळ दाखवतो. मधलं बघणाऱ्याला कळतं.

निंबोणी

मी या विषयातली नाही, पण लिहिते. माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. असे प्रसंग पडद्यावर नेहमी बांगड्या आपटून, किंचाळून दाखवतात. माझं तसं काही झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं आणि कपाळाला हात गेला, सवयीने, कुंकू लावायला. तेवढंच.

आठ_मात्रा

निंबोणी, तुमचं वाचून मी तो भाग पुन्हा बसवला. आधी त्यात चक्कर होत्या, अकरा. आता एकही नाही.

---

आठ_मात्रा (तीन आठवड्यांनी)

झालं एकदाचं. चाळीसगावजवळ एकीच्या मामांचं शेत मिळालं. दोन दिवस, कपड्यांच्या चौदा पिशव्या, प्रत्येकीवर नाव आणि प्रसंग. नेसवून झालं की प्रत्येकीचे चारही बाजूंनी फोटो काढत होतो, कारण दुपारच्या जेवणानंतर पदर कुठल्या खांद्यावर किती होता हे कुणालाच आठवत नाही.

सुईदोरा, चहात बुडवल्यावर एक डाळिंबी लुगडं रंग सोडून बसलं. बादली गुलाबी, शेजारचं फिकं लुगडंही गुलाबी. रडकुंडीला आले होते. तेच मुख्य बाईला दिलं आणि पडद्यावर सगळ्यात खरं तेच दिसतंय.

जात्याचा भाग मामांच्या जुन्या घरात दुपारी दोनला केला. खिडक्यांवर गोधड्या टांगून पहाट केली. चिमणी ठेवली होती, पण खरा उजेड तिच्यामागे लपवलेल्या दिव्याचा. रिकामं जातं फिरवायला लागलो तेव्हा मामी धावत आल्या, 'दगडावर दगड घासू नका, दाणे घाला!' ज्वारी घातली आणि आवाज बदलला. हात बदलले, खांदे बदलले. दोघी खुंट्याला लागल्यावर आमचे नाजूक मनगटी फिरवे आपोआप गळाले. दळताना मनगट फिरत नाही, कंबर फिरते. इतकी वर्षं मी चुकीचं शिकवत होते.

खरी फजिती शेतात. आम्ही वेचणीची हस्तमुद्रा बसवली होती, अलगद, कमळासारखी उघडणारी. शेजारच्या रानात वेचणीला आलेल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. दोन टेक झाले आणि एक जण म्हणाली, 'बाई, असं वेचलं तर होळीपर्यंत वेचाल.' मग त्यांनी दाखवलं. दोन्ही हात एकाच वेळी दोन झाडांवर. तीन बोटांची चिमूट, वर नाही, स्वतःकडे ओढ. आणि बोंडाचं वाळलेलं टोक सुईसारखं असतं हो. दहा मिनिटांत सगळ्यांच्या बोटांना ओरखडे. कापूस कुठे टाकायचा तर ओटीत. ओटी करायला पुढे मोकळं कापड लागतं, आणि आमची लुगडी आम्ही टाके घालून घट्ट शिवून ठेवलेली. सगळे टाके उसवले. त्याच बायकांनी आम्हाला नऊजणींना पुन्हा नेसवलं, ओटी बांधून, पदर डोक्यावरून मागे खोचून. एकीला चार मिनिटं लागली. तिथेच, बांधावर, नृत्य बदललं. ओटी भरत जाते तसं पोट पुढे येतं, चाल जड होते, आणि शेवटच्या ओळींपर्यंत सगळ्या गरोदर बायकांसारख्या चालायला लागलो. हे मी तालमीत बसवूच शकले नसते.

मोकळ्या कपाळाचा भाग सकाळी सव्वासातला घेतला. सासूबाई आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. शूट संपल्यावर पर्समधून स्वतःची मेणाची डबी काढली आणि सुनेला कुंकू लावलं. कॅमेरा चालूच राहिला होता. ते फुटेज वापरावं की नाही हे अजून ठरलं नाही, त्यांना विचारायचंय.

चुका: एकीची नेलपॉलिश राहिली. एकीच्या मनगटावर स्मार्टवॉचचा पांढरा पट्टा, तो मातीने झाकला. कापसाचे तंतू चोळीला असे चिकटतात की निघता निघत नाहीत, पुढच्या वेळी कपडे साफ करायचा चिकट रोल नेणार. आणि वारा. लांबच्या एका सुंदर शॉटमध्ये डाव्या कोपऱ्यात मोबाईलचा टॉवर आहे, तो संकलनात काढतोय.

फोकस_गेला

टॉवर काढायच्या आधी एकदा फ्रेम थोडी कापून बघा. फुकटात होईल.

काळी_दोन

'डोया' झालं का?

आठ_मात्रा

झालं 🙂

वाघूर

व्हिडिओ आला की पहिला इथे टाका. आईला दाखवायचाय.

चहा_कमी_साखर

बजेटचं काय झालं? आणि लुगडी आता पडून असतील तर आमच्या सोसायटीच्या मंगळागौरीला द्याल का, श्रावणात? नऊ आहेत ना?

आठ_मात्रा

बजेट त्रेपन्न हजारांवर गेलं, रेल्वेची तिकिटं मी धरलीच नव्हती. लुगडी देईन, पण सातच आहेत. दोन त्या वेचणीच्या बायकांकडे राहिली. गुलाबी त्यातच गेलं.